निगेटिव्ह संगणकावर, छाप उन्हात



व्याख्यानमालेत डॉक्टरला बोलावले की विषय मधुमेह नाहीतर मनःशांती, असा एक अलिखित नियम आहे. मी फोटोग्राफीवर बोलेन म्हटल्यावर कार्यवाहांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. त्यांना जे उत्तर दिले तेच आपल्याला देतो. आमच्या होमिओपॅथीच्या ग्रंथांत 'आर्जेंटम नायट्रिकम' नावाचे औषध आहे. परीक्षेच्या किंवा व्यासपीठावर चढण्याच्या आधी ज्याच्या पोटात गोळा येतो, त्याचे वर्णन या औषधाखाली सापडते. हे औषध म्हणजे मुळात सिल्व्हर नायट्रेट, आणि फोटोचा कागद ज्या चांदीच्या क्षारांवर चालतो तेही याच सिल्व्हर नायट्रेटपासून बनतात. तेव्हा आजचा विषय माझ्या कपाटापासून फार लांबचा नाही. औषध मात्र मी आज घेतलेले नाही, हे आवाजावरून आपल्या लक्षात येईलच.

मला नेहमी विचारला जाणारा प्रश्न असा : 'डॉक्टर, खिशात मोबाइल असताना ही अंधारखोली, ही रसायने कशाला?' विचारणाऱ्याच्या मनात दोन बाजू असतात, एक जुनी आणि एक नवी, आणि माणसाने त्यांतली एक निवडायची असते. माझा अनुभव वेगळा आहे. हाताने छाप काढण्याचे जे काम मी तरुणपणी समजून उमजून सोडले होते, ते मला संगणकाने परत दिले. कसे दिले, ते सांगण्यासाठी आधी सोडले का ते सांगावे लागेल.

मी बेळगावला शिकत होतो तेव्हा वसतिगृहातील एका न्हाणीघराच्या खिडकीला काळा कागद चिकटवून आम्ही चौघांनी डार्करूम केली होती. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा 'इंडू' रोल, कोणाच्या तरी काकांचा आग्फा क्लिक थ्री, आणि जुना एन्लार्जर. डेव्हलपर विकत घेण्यापेक्षा घरी मिसळणे स्वस्त पडे. कोडॅकच्या डी-७६ चे प्रमाण मला आजही पाठ आहे : एक लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. तो तपकिरी बाटलीत ठेवायचा, वापरताना तेवढेच पाणी घालून पातळ करायचा. पातळ केल्याने औषधाची शक्ती वाढते हा आमच्या शास्त्राचा सिद्धान्त. डेव्हलपरला तो मान्य नाही. त्याला पातळ केले की वेळ वाढवावा लागतो. वर्गात हे बोललो असतो तर बाहेर काढले असते.

लाल दिव्याच्या उजेडात कोऱ्या कागदावर आधी केसांची काळी रेघ, मग डोळे, मग सगळा चेहरा उगवताना ज्याने पाहिला, तो ते विसरत नाही. पुढे हायपोत बुडवले की छाप पक्का. हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट. त्याचा गुण जॉन हर्शेलने १८१९ मध्येच नोंदवला होता. फोटोग्राफीला तो १८३९ मध्ये उपयोगी पडला. औषध आधी आणि रोग नंतर, असे क्वचित घडते.

या सगळ्यात एक गोष्ट मला पहिल्या दिवसापासून खटकत होती. चांदीचे क्षार कागदावर किंवा फिल्मवर नुसते बसत नाहीत; त्यांना धरून ठेवायला चिकट थर लागतो, आणि तो थर जिलेटिनचा. जिलेटिन म्हणजे जनावरांची हाडे आणि कातडी उकळून काढलेला शुद्ध सरस. सुतार ज्या सरसाने लाकूड जोडत, त्याचेच हे गोरेगोमटे भावंड. मी जैन घरातला. आमच्याकडे औषधाची कॅप्सूल आली तरी आई आधी विचारी, 'वरचे टरफल कशाचे रे?' साखरेच्या गोळ्यांवर प्रॅक्टिस करणाऱ्या मुलाचा तिला त्या बाबतीत तरी अभिमान होता. त्याच मुलाच्या बोटांना रात्री सरसाचा बुळबुळीत थर लागत असे.

जिलेटिन फोटोग्राफीत आणले तेही एका डॉक्टरने. त्याआधी काचेवर कोलोडियन ओतून ती ओली असतानाच फोटो घ्यावा लागे, आणि कोलोडियनमध्ये ईथर. रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज वैद्याला ईथरच्या वाफेचा त्रास होऊ लागला, म्हणून तो दुसरे काही शोधू लागला. १८७१ मध्ये त्याने जिलेटिनचा प्रयोग प्रसिद्ध केला. पुढे त्यातूनच कोरड्या काचा आल्या, रोल आला, सिनेमा आला. एका वैद्याची प्रकृती सांभाळताना किती गुरे खर्ची पडली याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. कोडॅकच्या संशोधकांना १९२० च्या दशकात असे आढळले की, ज्या गुरांच्या चाऱ्यात मोहरीच्या जातीची झाडे असत त्यांच्या जिलेटिनची फिल्म अधिक संवेदनशील होई, कारण मोहरीतला गंधक हाडाकातड्यातून थेट त्या थरात उतरत असे. हे वाचल्यावर मला जिलेटिन हा निव्वळ रासायनिक पदार्थ वाटेनासा झाला. गाईने काय खाल्ले हे जर चित्रात उतरत असेल, तर चित्रात गाय आहे.

डिचोलीत दवाखाना स्थिरावल्यावर, गोव्याला घटकराज्याचा दर्जा मिळाला त्या १९८७ च्या आसपास, मी एन्लार्जर एका होतकरू मुलाला देऊन टाकला. कोणी सांगितले नव्हते, कोणाला सांगितलेही नाही. मनाशी ठरवले आणि थांबलो. हा निर्णय माझ्यापुरता होता. आपल्यापैकी कोणाच्या भिंतीवरचे लग्नाचे फोटो उतरवावेत असे मी आजही म्हणत नाही.

मग डिजिटल कॅमेरा आला. सरस नाही, हायपो नाही, पाणी नाही. मी पुन्हा फोटो काढू लागलो आणि काही वर्षांत माझ्याकडे हजारो चित्रे जमली, ज्यांतले एकही हातात धरता येत नव्हते. शहरातल्या लॅबमधून छापून आणावे तर तिथल्या यंत्रातला चकचकीत रंगीत कागदही जिलेटिनचाच असे. हार्डडिस्क एकदा बंद पडली की आतले सगळे एकदम जाते. अर्धे वाचले, कडेने पिवळे पडले, असला प्रकार तिथे नाही. जुना छाप हळूहळू म्हातारा होतो. फाइलीला म्हातारपण नाही, तिला थेट मरणच.

वाट सापडली ती आपल्याच तालुक्यांच्या इतिहासात. पेडण्यातले मांद्रे हे डॉ. भाऊ दाजी लाड यांचे मूळ गाव. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीचे ते पदवीधर. कुष्ठरोगावरच्या त्यांच्या उपचारांविषयी आपण ऐकले असेल, आणि राणीच्या बागेतल्या संग्रहालयाला आज त्यांचे नाव आहे. त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हेही डॉक्टर, आणि चांगले फोटोग्राफर. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५४ मध्ये. नारायणराव तिच्यात वावरत आणि आपली छायाचित्रे प्रदर्शनात मांडत. नाडी पाहणारा पेडण्याकडचा माणूस कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली जाण्याची परंपरा अशी जुनी आहे, मी तिच्यात उगीच आपले घोडे दामटतो.

नारायणरावांच्या काळी डार्करूममध्ये एन्लार्जर नसे. जेवढी निगेटिव्ह तेवढाच फोटो. निगेटिव्ह कागदावर ठेवायची, वर काच दाबायची आणि चौकट उन्हात मांडायची. अंधारखोली फक्त कागद तयार करण्यापुरती, छाप काढणार सूर्य. पुढे कॅमेरे लहान झाले, निगेटिव्ह टपाल तिकिटाएवढी झाली. तिच्यातून मोठा फोटो काढायचा तर एन्लार्जर हवा, एन्लार्जरच्या मंद दिव्याला दाद देणारा तेज कागद हवा, आणि असा कागद म्हणजे जिलेटिनचा. ही साखळी तुटायची असेल तर निगेटिव्ह पुन्हा मोठी व्हायला हवी. संगणकाला ते काम दोन मिनिटांचे आहे.

पद्धत थोडक्यात सांगतो. डिजिटल फोटो संगणकावर कृष्णधवल करायचा, मग उलटवायचा, म्हणजे काळ्याचे पांढरे आणि पांढऱ्याचे काळे. आरशातल्यासारखी डावी-उजवी बाजू बदलायची आणि हव्या त्या आकारात छापायचा. पारदर्शक शीट मिळते, पण मी साधा ऑफिसचा कागद वापरतो आणि छापल्यावर त्याच्या पाठीला खोबरेल तेल चोळतो. तेलाने कागद अर्धपारदर्शक होतो, हे भज्यांच्या पुडीवरून आपल्याला माहीत आहेच. जुने युरोपियन लोक यासाठी मेण वापरत. मधमाशीचे मेणही मला नको होते, आणि गोव्यात नारळाला तोटा नाही.

कागदावर चढवायचा तो लोखंडाचा क्षार. हे निळ्या छापाचे तंत्र पुन्हा त्याच हर्शेलचे, १८४२ चे. घराच्या नकाशाची जुनी ब्लूप्रिंट आपल्यापैकी ज्यांनी पाहिली असेल, त्यांनी हे तंत्र पाहिले आहे. दोन द्रावणे करायची. एकात १०० मिलिलिटर पाण्याला २५ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट. हे पूर्वी रक्तवाढीच्या टॉनिकात असे. दुसऱ्यात तेवढ्याच पाण्याला १० ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड. नावातल्या 'सायनाइड'ने दचकू नये, पण तीव्र आम्लाजवळ ते नेऊ नये आणि मुलांच्या हाती लागू देऊ नये. ऐन वेळी दोन्ही सारखी मिसळायची, मंद पिवळ्या दिव्याखाली कागदावर ब्रशने फिरवायची, वाळवायची. वर निगेटिव्ह, वर काच, आणि गच्चीवर ऊन. थंडीतल्या दुपारी तेलकट निगेटिव्हला माझ्या गच्चीत वीस-पंचवीस मिनिटे लागतात. मग साध्या पाण्यात धुवायचे. हिरवट-पिवळे वाहून जाते आणि निळे उरते. अंधारखोलीत चेहरा उगवायचा, तसा इथे तो पाण्यात उगवतो, फक्त दिवसाउजेडी आणि नातवंडांच्या गर्दीत.

जे निळे उरते त्याला प्रशियन ब्लू म्हणतात. थॅलियमच्या विषबाधेवर हेच निळे औषध म्हणून देतात, तेव्हा डॉक्टरने घरात ठेवायला हरकत नाही.

कागदाविषयी एक अडचण सांगायला हवी. जलरंगाच्या काही उंची विलायती कागदांना सरसाची खळ असते, म्हणजे दारातून घालवलेले जिलेटिन खिडकीतून आत. पुण्याच्या हातकागद संस्थेसारख्या ठिकाणी सुती हातकागद मिळतो. तो घेताना खळ कशाची, हे मी विचारून घेतो. बिनखळीचा मिळाला तर घरी खळ देतो. पुस्तके आरारूट सांगतात. तो कंद, तो आमच्याकडे चालत नाही. मी तांदळाची पातळ पेज गाळून घेतो. पेजेला गोव्यात कोण नाही म्हणेल?

संगणकाचे खरे काम मात्र आकार वाढवण्यापेक्षा बारीक आहे. पडद्यावर जे मध्यम करडे दिसते ते लोखंडी कागदावर तसे उतरत नाही. कुठे सावल्या एकमेकींत मिसळतात, कुठे कपाळावरचा उजेड कोरा पडतो. म्हणून आधी पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत एकवीस पायऱ्यांची पट्टी छापायची, कोणती पायरी कुठे घसरली ते पाहायचे, आणि तेवढी दुरुस्ती संगणकात आधीच करून ठेवायची. प्रत्येक कागदाची प्रकृती वेगळी. मी प्रत्येकाचा केसपेपर ठेवला आहे : कागद, महिना, ऊन, मिनिटे, परिणाम. डार्करूममध्ये हेच काम हाताच्या सावलीने करत. एन्लार्जरच्या उजेडात तळहात हलवून एखादा भाग झाकायचा. ते दर छापाला नव्याने करावे लागे, इथे एकदाच. हाताची ती कसरत मला आवडायची, हे मान्य करतो. पण चाळीस प्रती काढायच्या असतील तर संगणक बरा. हे सगळे माझेच डोके आहे असे समजू नका. गोव्यातच 'गोवा सेंटर फॉर अल्टरनेटिव्ह फोटोग्राफी' या संस्थेने असली जुनी तंत्रे नव्या मुलांना शिकवण्याचे काम केले आहे.

मी या पद्धतीने सर्वांत जास्त छापले ते आपल्या तालुक्यातले कुडणे. तिथल्या जैन मंदिराच्या अवशेषांना लोक गुजीर म्हणतात. नार्व्यालाही असेच अवशेष आहेत. नार्वे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर सप्तकोटेश्वर येतो, आणि ते योग्यच आहे. पण याच मातीत कधी बसदीही होत्या हे डिचोलीच्या पुष्कळ मंडळींच्या गावी नसते. त्या भिंतींचे चित्र सरसावर काढायचे माझ्या मनाला पटले नसते. लोखंडावर काढले. डिचोलीच्या माणसाला लोखंड काय ते वेगळे सांगायला नको. आपल्या अंगणात, दोरीवरच्या कपड्यांवर त्याची लाल धूळ वर्षानुवर्षे बसली. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लिजे रद्द केली. कोणाचे ट्रक उभे राहिले, कोणाच्या विहिरी स्वच्छ झाल्या, ते आपण जाणता. डिजिटल कॅमेरा तरी कुठे निर्मळ? त्याच्याही पोटात कुठल्यातरी खाणीचे धातू आहेतच. अहिंसेचा पूर्ण हिशेब जमत नाही; जिथे वाट दिसते तिथे ती धरायची, एवढेच मी करतो.

आता आपल्या घराकडे येतो, कारण आज इथे येण्याचे माझे मुख्य कारण तेच आहे. पेडणे-डिचोलीतल्या जुन्या घरांत मी रुग्ण पाहायला जातो तेव्हा नजर भिंतीवर जाते. माडीवर ट्रंका आहेत, ट्रंकांत काचेच्या निगेटिव्ह आहेत, पणजीच्या 'सौझा अँड पॉल'सारख्या जुन्या स्टुडिओंच्या काळातले पुठ्ठ्यावर चिकटवलेले फोटो आहेत. आमच्या पावसात त्यांचे काय होते? जिलेटिन हे बुरशीचे आवडते खाद्य. कसरीचेही. काचेवर पांढरे जाळे दिसले की घरातले कोणी कौतुकाने ओले फडके घेऊन पुसायला बसते. कृपा करून तसे करू नका. बुरशीने पोखरलेला थर पाण्यात विरघळतो. फडक्यावर आपले पणजोबा येतील.

काच कडेने धरावी. एखाद्या टॅबलेटचा पडदा पांढरा करून त्याच्यापासून दोन-तीन इंच वर काच टेकवावी आणि चांगल्या कॅमेऱ्याने वरून फोटो घ्यावा. संगणकावर उलटवला की चेहरे उभे राहतात. ही पहिली फाइल आहे तशीच ठेवावी, बुरशीसकट, तड्यासकट, आणि तिच्या तीन प्रती तीन वेगळ्या घरांत. दुरुस्ती करायची ती दुसऱ्या प्रतीवर. तिथेही माझा आग्रह असा की डाग काढा, चेहरा सुधारू नका. आजीच्या कपाळाची आठी ही बुरशी नव्हे. हल्ली मोबाइल एका बोटात जुन्या माणसांना गुळगुळीत गाल आणि निळसर डोळे देतो. ते पाहिले की मला गोऱ्या रंगाची क्रीम मागायला येणारे रुग्ण आठवतात.

मूळ काच मात्र टाकायची नाही. ती सरसाची आहे हे मला माहीत आहे, पण जे होऊन गेले ते मी पुसू शकत नाही. ते फेकल्याने कोणते जनावर परत येणार? आमच्या बाजूच्या एका फोटोवाल्याने दुकान बंद करताना दोन पिढ्यांच्या निगेटिव्ह किलोवर भंगारात दिल्या. भंगारवाल्याला त्यांतली चांदी हवी होती. त्यांत किती मुंजी होत्या, किती बारशी, आणि पेडण्याचे किती डोंगर होते, कोणास ठाऊक. मोप्याच्या पठारावर २०२२ च्या डिसेंबरात विमानतळाचे उद्घाटन झाले. त्याआधीचे पठार, तिथली गुरे आणि धनगर कुटुंबे ज्यांच्या फोटोत आहेत, त्यांनी ते फोटो शोधून काढावेत. ते घरगुती राहिलेले नाहीत.

दुरुस्त केलेल्या प्रतीवरून निगेटिव्ह छापायची आणि उन्हात एक छाप काढायचा. गणपतीला सगळी घरी जमतात, पण ते दिवस पावसाचे. दिवाळीनंतरचे ऊन चांगले. ॲना ॲटकिन्स या बाईने १८४३ मध्ये समुद्रशेवाळाचे निळे छाप काढून पुस्तक केले, ते अजून निळे आहे. फार उजेडात हा छाप फिका पडतो, पण अंधारात काही दिवस ठेवला की बराचसा परत येतो. विश्रांतीने बरा होणारा रुग्ण मला या एका कागदात भेटला. निळा रंग घरातल्यांना रुचत नसेल, तर छाप कोऱ्या चहाच्या पाण्यात ठेवा, काळसर होतो. साबण आणि सोडा यांपासून मात्र जपा, क्षारी पाण्याने निळे उडते. आमच्या घरी शेवटच्या पाण्यात लिंबाचे चार थेंब असतात.

छाप वाळला की पाठीवर नावे लिहा. बॉलपेनने नव्हे, पेन्सिलीने, हलक्या हाताने, आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवून. डावीकडून उभे कोण, बसलेले कोण, मांडीवरचे मूल कोणाचे, फोटो मांद्र्याच्या घरी काढला की डिचोलीच्या. एखाद्या चेहऱ्याचे नाव कोणालाच आठवले नाही, तर तिथे प्रश्नचिन्ह करा आणि मोबाइलवर त्या एका चेहऱ्याचा फोटो काढून मुंबई-पुण्याच्या चुलत भावंडांना पाठवा. आमच्याकडे अशी सात प्रश्नचिन्हे होती, त्यांतली चार सुटली.